गुलकंद बंद केला त्याचं कारण

बायकोच्या जिभेवर पांढरं साचलं तेव्हा मी म्हणालो, उष्णता आहे. आमच्या घरात तोंड आलं की त्याला दुसरं कारण नसायचं.

आमचं घराणं बंगळुरात किती पिढ्यांचं ते मलाही सांगता येत नाही. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. शाळा माझी चौथीपर्यंत, तीही कन्नडच. हे लिहितोय ती अक्षरं बायकोने शिकवलेली आहेत. ती निपाणीकडची, सातवी झालेली. तिच्या माहेरची पत्रं मला वाचता येईनात, म्हणून हट्टाने शिकलो. पीण्या या कारखान्यांच्या वस्तीत एका छोट्या कारखान्यात लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रावर, टर्नर होतो, तेही काम बघून बघून, हट्टानेच शिकलो. त्यामुळे असेल, पुस्तकातून बोलणाऱ्या माणसाचं मला कधी पटलं नाही.

उष्णतेवर आमच्या आईचं औषध म्हणजे गुलकंद. ती गेल्यावर बरणी माझ्याकडे आली. आनेकलकडून एक बाई पन्नीर गुलाब आणायची, फूल लहान पण वासाचं. पाकळ्या निवडायच्या, एक थर पाकळ्यांचा, एक थर कुटलेल्या खडीसाखरेचा, तोंडाला फडकं बांधून बरणी गच्चीवर उन्हात. चाळीस दिवस. कुणाला हात लावू द्यायचो नाही. गल्लीत कुणाचं तोंड आलं की वाटी घेऊन माणसं आमच्या दारात. आठ दिवसांनी तोंड दाखवून म्हणायची, "अण्णा, तुमच्या हाताला गुण आहे." मी वरून "असू दे, असू दे" म्हणायचो आणि आतून फुगायचो.

एकोणीसशे नव्वदच्या पुढची ती वर्षं. बायको बारीक होत चालली होती, सारखं पाणी पाणी करायची. ही सगळी उष्णतेचीच लक्षणं, असं मी धरून चाललो. सकाळी चमचा, संध्याकाळी चमचा, दुपारी एळनीर म्हणजे शहाळ्याचं पाणी, मधे चघळायला खडीसाखर. सकाळचा चमचा कामाला जायच्या आधी मी स्वतः तिच्या तोंडात घालायचो, नाहीतर टाळेल म्हणून.

तरी पांढरं काही जाईना. तिला चव कळेना. आमटीत मीठ एकदा दुप्पट, एकदा नाहीच. भाकरीचा घास तोंडात घेऊन बसायची आणि मग हळूच पदरात काढायची. माझं लक्ष गेलं की म्हणायची, "जोंधळा जुना आहे वाटतं."

मुलगी नोकरीला होती. तिने रजा टाकून आईला दातांच्या डॉक्टरकडे नेलं. मीही गेलो. मला सोडून कशा जातील? डॉक्टर म्हणजे एक तरुण पोरगी. तिने लाकडाच्या चपट्या काडीने जिभेवरचं खरवडलं. दह्यासारखं निघालं आणि खाली लालभडक, रक्ताचे ठिपके. बायकोच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण आवाज नाही.

"गोड किती वेळा खातात?" डॉक्टरने कन्नडमधून विचारलं.

"ते मी सांगतो, डॉक्टरम्मा," असं म्हणून मी सगळं सांगितलं. चमचे, खडीसाखर, एळनीर, चाळीस दिवसांचं ऊनसुद्धा. मला वाटलं ती कृती लिहून घेईल.

तिने पेन खाली ठेवलं. "अंकल, ही उष्णता नाही, बुरशी आहे. थोडी पुष्कळांच्या तोंडात असते, पण गप्प असते. साखर मिळाली की माजते. तुम्ही दिवसभर तिलाच जेवायला घालताय. आणि यांचं रक्त तपासून घ्या, रक्तातही साखर असणार."

"तीस वर्षं मी याच गुलकंदाने तोंडं बरी केलीत."

"साधं तोंड आठ दिवसांत आपलं आपण बरं होतं, अंकल."

मी उठून बाहेर आलो. माझ्या लेथचं वय तिच्यापेक्षा जास्त होतं.

रक्तात साखर निघाली, भरपूर. गोळ्या सुरू झाल्या, तोंडात घोळवायचे थेंब आले. मुलीने कागदावर लिहून स्वयंपाकघराच्या भिंतीला डकवलं. गोड बंद, भात कमी, काही खाल्लं की साध्या पाण्याने चूळ. मला म्हणाली, "अण्णा, बरणी मी कपाटात ठेवते हं."

"ठेव की," मी म्हणालो.

मुलगी सातला निघायची, मी साडेआठला. मधल्या वेळात मी कपाट उघडायचो.

"नको म्हणालीय ना ती डॉक्टरीण," बायको म्हणायची.

"तिने कधी गच्चीवरचं ऊन बघितलंय का?"

"लेक ओरडेल."

"मला ओरडणार? स्वल्प घे. बोटावरचं."

"तुमचं बोट म्हणजे पळी," ती हसायची आणि तोंड उघडायची.

सातला थेंब आणि आठला गुलकंद. असे अडीच महिने गेले. पांढरं घशात उतरलं. भाकरी सुटली, भात सुटला, नुसती पेज राहिली. पेजेतही मी गुपचूप साखर घालायचो, अंगात शक्ती यावी म्हणून. डॉक्टरने पुन्हा तोंड बघितलं आणि विचारलं, "गोड खरंच बंद आहे ना?" मुलीने माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरचं दातांचं चित्र बघत होतो. बायको म्हणाली, "बंद आहे."

मग तो सोमवार आला.

लेथवर कापताना हत्यार तापतं, त्यावर कूलंट सोडतात. तेल आणि पाणी, दिसायला दुधासारखं. खाली टाकीत जमतं आणि तेच परत वर येतं. टाकी स्वच्छ ठेवली तर महिनोन् महिने टिकतं. त्या सोमवारी शेड उघडली तर नाक धरावं असा वास. माझ्या टाकीचं झाकण काढलं. वर पांढरी, जाड साय, आणि कडेला लोंबलेली. बाजूच्या मशीनवरचा माणूस जवळच उभा होता. त्याच्या हातात चहाचा पेला, तळाशी उरलेला घोट, आणि तो टाकीकडे वाकलेला. तेव्हा मला कळलं, हा कित्येक दिवस उरलेला चहा माझ्याच टाकीत ओततोय.

मी त्याची गचांडी धरली. "अरे, टाकीत साखर घालतोस, मग नासणार नाही तर काय होणार!"

बोललो आणि त्याचा शर्ट सोडला. तो शर्ट नीट करत म्हणाला, "काय झालं अण्णा, घोटभर तर चहा." घोटभर. बोटावरचं. स्वल्प. मी टाकीत बघत राहिलो. तीच साय. मी ती रोज सकाळी बघत होतो, तोंड उघड म्हणून.

ती पोरगी कन्नडमध्ये सरळ सांगत होती ते मला कळलं नव्हतं. टाकीने सांगितल्यावर कळलं. माझ्या अकलेला माझीच टाकी लागली.

अर्धी रजा टाकून घरी आलो. बायको खिडकीशी पडून होती. कपाटातली बरणी काढून न्हाणीत पालथी केली. गुलाबाचा वास घरभर पसरला.

"हे काय?" ती म्हणाली.

"तुझं तोंड मी नासवलं." मी म्हणालो. मग उलटा तिच्यावरच चिडलो, तशी माझी सवयच. "तू सातवी शिकलेली. भिंतीवरचं तुला वाचता येत होतं. तुला कळत नव्हतं?"

"कळत होतं की."

"मग तोंड का उघडायचीस?"

तिने पाण्याचा घोट घेतला. घसा दुखायचा, म्हणून शब्द जपून वापरायची. मग म्हणाली, "तीस वर्षांत तुम्ही हाताने मला दुसरं काय भरवलंत?"

लग्नात उखाणा घेताना घास दिला असेल तेवढाच. त्यानंतर ताट ती माझ्यापुढे ठेवायची. तिचं ताट कधी वाढलं गेलं, त्यात काय होतं, मी बघितलं नाही.

त्या दिवसापासून थेंब मी दिले. चूळ भरायला तांब्या मी धरला. पेजेत नुसतं मीठ. ताक घुसळून दिलं, भाजी मऊ शिजवून कुस्करून दिली, सगळं माझ्या हाताने. चमच्यात साखर नव्हती एवढंच. पंधरा-वीस दिवसांत जीभ लाल दिसायला लागली, मग गुलाबी. एका दुपारी पेज भरवताना तिने तोंड वाकडं केलं.

"मीठ जास्त झालंय," ती म्हणाली.

इतक्या महिन्यांनी तिला चव कळली. माझ्या हातचा स्वयंपाक वाईट झाला म्हणून इतका आनंद मला कधी झाला नाही. मुलगी संध्याकाळी आली तर दारातच सांगितलं, "मीठ जास्त झालं म्हणाली!" मुलगी रडायलाच लागली.

पण अंगात त्राण राहिलं नव्हतं. इतके महिने पोटात काही गेलं नव्हतं, साखर आतून पोखरत होती. महिन्याभरात छाती कफाने भरली, ताप चढला आणि चार दिवसांत सगळं आटोपलं. मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, मधुमेह जुना होता, एका चमच्याने माणूस जात नाही. मुलगीही तेच म्हणाली. मला कधी एका शब्दाने बोलली नाही ती. बोलली असती तर बरं झालं असतं.

शेवटी शेवटी बायकोला भाकरी खाता येत होती. ताकात कुस्करून दोन घास. हे आपलं मी मनाला सांगतो.

पुढच्या वर्षी आनेकलची बाई फुलं घेऊन दारात आली. मी परत पाठवली. गल्लीतली माणसं वाटी घेऊन यायची, त्यांना म्हणायचो, गुलकंद नाही, तोंड दाखव. पांढरं दिसलं तर डॉक्टरकडे जा, आधी रक्त तपास. लोक म्हणायचे, अण्णा फार बदलले, बायको गेली म्हणून गुलकंद सोडला. मी हो म्हणायचो. गर्व होता ना, खरं कोण सांगणार?

बरणी अजून आहे. मी तिच्यात मीठ ठेवतो.