सुलोचनाबाईंचा हात

सुलोचनाबाई गेल्याचा फोन त्यांच्या सुनेने केला, तेव्हा मी कुंड्यांना पाणी घालत होतो. "सर, आई गेल्या. तुमचा नंबर त्यांच्या डायरीत होता..." पुढचं मला नीट ऐकू आलं नाही. वयामुळे नव्हे.

वर्ध्यात माझ्या प्रयोगशाळेत त्या तंत्रज्ञ होत्या. अल्लीपूरहून रोज एसटीने येत. उंदराच्या मेंदूच्या कापातल्या नेमक्या एका पेशीत, केसाहून बारीक टोकाच्या काचनळीने रंग सोडायचा, हे काम त्यांच्याइतकं सफाईने कुणालाच जमत नसे, मलाही नाही. एके दिवशी त्यांनी मला सूक्ष्मदर्शकाशी बोलावलं. काही दिवसांच्या पिल्लाच्या मेंदूत रंग एका पेशीतून शेजारच्या पाच-सहा पेशींत पसरला होता. एकीला वीज दिली की शेजारणीतही ती उमटत होती. मोठ्या उंदरात त्याच जागी तसं काही होत नव्हतं.

"सर, लहानपणी साऱ्या एकमेकींच्या घरात घुसून राह्यतात. मोठ्या झाल्या का दारं लावून घेतात."

"दारं कसली, बाई? तुमचा हात हलला, रंग सांडला."

"मंग मोठ्याच्या वेळी काऊन नाई सांडला?"

बाजूला उभे असलेले दोन विद्यार्थी माझ्याकडे बघून हसले. त्या वर्षी बाईंच्या कामाच्या अहवालात मी लिहिलं: हात कापतो, सूक्ष्म कामास अयोग्य. बदली भांडारात झाली. निवृत्तीपर्यंत त्या तिथे बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत राहिल्या.

पुढे एका विज्ञान-नियतकालिकाच्या अंकात इतरांचं संशोधन वाचनात आलं. कोवळ्या मेंदूत पेशींना थेट जोडणाऱ्या वाटा असतात, त्यांतून वीज जाते. मेंदू वाढतो तशा त्यातल्या बऱ्याच बंद होतात, थोड्या उरतात. बाईंनी पाहिलं होतं तेच. पण त्यांचे काप मी केव्हाच फेकून दिले होते. तो अंक बाईंना न दाखवता कपाटात ठेवून दिला...

महिन्याभराने अल्लीपूरला गेलो. सुनेने चहा आणला. कप अर्धाच होता.

"आई असाच देत. माहा हात कापते, पुरा भरला तं सांडन, म्हणत. आता मलेई तीच सवय लागली."

"खरंच कापायचा?"

"मले तं कधी दिसला नाई. सुई पहिल्या झटक्यात ओवत. पण सरांनी लिहून देलं, मंग कापतच असन, म्हणत."

त्यांचा हात कधीच कापला नाही. खोटं मी लिहिलं. हे तिथे ओठांवर आलं होतं, पण मी चहा संपवला. आता लिहितो आहे, पण ज्यांनी वाचायचं त्या नाहीत.

"आणखी अर्धा देऊ का, सर?" सुनेने विचारलं.

मी कप पुढे केला.