इंटरव्ह्यू चालू हाय!

बिरवाडीत काकींच्या चाळीत पोरं येतात आणि जातात. कंपनीत चिकटलं की पोरगं मोठी खोली बघतं, लग्न झालं की बिऱ्हाड करतं, नाहीच जमलं तर मुंबईची एसटी धरतं. जाताना गादी नेतं, बादली नेतं, एकाने तर भिंतीवरचा आरसा खिळ्यासकट नेला! इंटरव्ह्यूचा किस्सा मात्र प्रत्येक जण इथेच ठेवून जातो. त्यामुळे आमच्या खोलीत सामान कमी आणि किस्सेच जास्त. मी बोलायला कच्चा आहे, म्हणून लिहून काढतोय.

त्या पावसाळ्यात खोलीत आम्ही तिघं होतो. नितेश, मंगेश आणि मी. नितेश मुंबईत राहून आलेला, त्यामुळे आपल्याला सगळं येतं असं त्याचं म्हणणं. मंगेश पोलादपूरच्या वरच्या डोंगरातल्या वाडीवरचा, खोटं बोलता न येणारा. आणि मी, नववीत शाळा सोडलेला. काकी म्हणजे घरमालकीण. आमचे डबे त्याच करायच्या आणि आमच्या इंटरव्ह्यूची तयारीही त्याच करून घ्यायच्या.

तिघांचंही कंत्राट एकदमच संपलं होतं. मामाने फोनवर मला सांगूनच टाकलं होतं, "गणपतीपर्यंत बघ. नाय लागलास तर विसर्जन झालं की माझ्याबरोबर मुंबईला चल. कॅन्टीनमध्ये जागा हाय. झोपायला टेबल हाय." मला टेबलावर झोपायचं नव्हतं. वाडीवर आई एकटी असते. बिरवाडीतून दर सुट्टीला घरी जाता येतं, तिचं लाकूडफाट्याचं, पाण्याचं बघता येतं. मुंबईतून कोण सोडणार?

म्हणून मला इथेच नोकरी हवी होती. आणि नोकरीसाठी बोलावं लागतं!

•

इंटरव्ह्यूच्या बुटांचा खोलीत एकच जोड होता. काळे, नितेशच्या मापाचे. मंगेश पुढे कागद कोंबून घालायचा, मी दोन-दोन मोजे चढवून.

एकदा नितेश आणि मंगेशला एकाच कंपनीत एकाच दिवशी बोलावलं. नितेश बूट घालून आत गेला. मंगेश बाहेर स्लिपरवर, पाय बाकाखाली लपवून बसला. नितेश बाहेर आला, दोघं बाथरूममध्ये गेले, आणि बूट घालून मंगेश आत गेला.

साहेबांनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. खाली आल्यावर नजर तिथेच थांबली.

"हे बूट कुठेतरी बघितल्यासारखे वाटतायत."

"हो साहेब," मंगेश म्हणाला. "ते मघाशीच इंटरव्ह्यू देऊन गेले!"

•

नितेश इंटरव्ह्यूची तयारी मोबाइलवर व्हिडिओ बघून करायचा. त्यात कोट घातलेला एक माणूस हिंदीत सांगायचा की, आपल्यात लीडरशिप आहे हे पहिल्या मिनिटात साहेबाच्या कानावर घाला.

जागा होती गोडाऊनमध्ये ड्रम मोजून लावायची.

नितेश बसला आणि म्हणाला, "सर, माझ्यात लीडरशिप आहे."

साहेब म्हणाले, "चांगलं आहे. पण तिथे तू एकटाच असणार. दुसरं कुणी नाही."

नितेश म्हणाला, "मग तर सगळे माझं ऐकतील!"

•

मंगेशला विचारलं, "अनुभव किती कंपन्यांचा?"

"चार कंपन्यांचा, साहेब."

"अरे वा! कसला?"

"इंटरव्ह्यूचा."

•

एका इंटरव्ह्यूच्या आदल्या दिवशी नितेशच्या अंगाला खाज सुटली. काकी म्हणाल्या, "औषध कशाला रे? सव गावाला जा, तिथल्या गरम पाण्याच्या कुंडात दोन बुडक्या मार. सगळी खाज तिथेच राहील."

नितेश सकाळी उठून सवला गेला. दोनच्या जागी वीस बुडक्या मारल्या. वेळ झाला म्हणून तिथूनच शर्ट चढवून, भांग पाडून थेट कंपनीत.

आता त्या कुंडाच्या पाण्याला गंधकाचा वास असतो, हे आम्हाला लहानपणापासून माहीत. आम्हाला तो वास देवळातल्या धुपासारखा! पण कंपनी केमिकलची, केबिन एसीची, आणि साहेब नवीन, बाहेरगावचे.

नितेश खुर्चीत बसला. साहेबांनी नाक वर केलं. खिडकीपाशी जाऊन आले. एसीखाली उभं राहून हुंगलं. मग त्यांनी फोन लावून कुणाला तरी "गॅस लीक!" एवढंच सांगितलं आणि दुसऱ्या मिनिटाला भोंगा सुरू झाला. सगळा प्लांट बंद! सगळे कामगार धावत मैदानात. त्यांच्याबरोबर नितेशही धावला. रांगेत उभा राहिला, बाकीच्यांनी हात वर केले तसा यानेही केला.

सेफ्टीवाल्या साहेबांनी माणसं मोजली. एक माणूस जास्त भरला. पुन्हा मोजली, पुन्हा जास्त. मग ते एकेकाजवळून जात जात नितेशपाशी आले, थांबले, आणि त्यांनी एक खोल श्वास घेतला.

"तू कोण?"

नितेशने मान खाली घातली. म्हणाला, "साहेब, मीच लीक!"

•

आमच्याकडे चार माणसांशिवाय काही ठरत नाही. मुलगी बघायची असो की बैल घ्यायचा असो, गावकी सोबत लागते. मंगेशने घरी फोनवर सांगितलं, "बाबा, उद्या कंपनीत बघायला बोलावलंय." बस्स, एवढंच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने त्याचे वडील, चुलते आणि गावकीचे अध्यक्ष बिरवाडीत हजर. धुतलेल्या टोप्या, हातात काकड्यांची पिशवी. मंगेश म्हणतोय, "बाबा, असा नसता तिकडं." वडील म्हणतात, "गप रे. तुला काय समजतंय?"

गेटवर वॉचमनने विचारलं, "तुम्ही कोण?"

चुलते म्हणाले, "आमी मुलाकडचे!"

आतून साहेब आले. माणूस भला. त्यांनी तिघांना व्हिजिटरच्या सोफ्यावर बसवलं, चहा मागवला. मंगेशला दोन-चार प्रश्न विचारले. मग चुलत्यांनी घसा खाकरला.

"साहेब, कंपनी सोताची का भाड्याची?"

"स्वतःची आहे."

"नाइटला चहा मिलतो?"

"मिळतो."

"याच्या अगोदर जो पोरगा होता, तो का सोडून गेला?"

साहेबांना घाम फुटला. म्हणाले, "त्याला दुसरीकडे मिळालं."

चुलत्यांनी अध्यक्षांकडे बघितलं. अध्यक्ष म्हणाले, "बरा. पोरगा तुमी बघितलात. आता कंपनी आमाला दावा."

आणि साहेबांनी दाखवली! बाग दाखवली, कॅन्टीन दाखवलं, लांबून बॉयलरची चिमणीही दाखवली. परत आल्यावर साहेब हसत म्हणाले, "मंगेश आम्हाला पसंत आहे. सोमवारपासून येऊ दे."

मंगेशच्या डोळ्यांत पाणी आलं. तो पाया पडायला वाकणार, इतक्यात अध्यक्षांनी त्याचा खांदा धरून त्याला मागे ओढलं.

"बरा हाय," ते साहेबांना म्हणाले. "आमी घरी जाऊन इचार करतो. दोन दिवसांत कलवतो!"

•

मंगेश लागला. पुढच्या आठवड्यात नितेशही एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे लागला. खोलीत बिनकामाचा मी एकटाच उरलो. मामाचा फोन आता एक दिवसाआड यायला लागला.

काकींनी मला हातात घेतलं. रोज संध्याकाळी त्या पालथ्या पिंपावर बसायच्या, मांडीवर सुपात लसूण. मी समोर उभा. त्या साहेब.

"हां. बोल, तुला कामावर का घ्यायचा?"

मी खाली बघून म्हणालो, "नाय घेतलात तरी चालेल."

काकींनी लसणाचा अख्खा गड्डा मला फेकून मारला. "अरे मेल्या, असा बोललास तर साहेब तुलाच विचारील, मग आलास कशाला? मान वर! तोंडात मशेरी धरलीस काय रे?"

मान वर केली की मला समोरचं माणूस दिसतं. माणूस दिसलं की माझा आवाज जातो. हे काकींना पटेचना.

नंतरच्या इंटरव्ह्यूला मी गेलो, मान वर ठेवली, आणि आवाज गेला.

साहेबांनी विचारलं, "नाव?" मी आधार कार्ड पुढे केलं.

"वडिलांचं नाव?" मी कार्डावर बोट ठेवलं.

"पत्ता?" मी कार्ड उलटं केलं.

साहेबांनी कार्ड हातात घेतलं. मग म्हणाले, "बाळा, नोकरी तुला देऊ की कार्डाला?"

खोलीवर येऊन हे सांगितलं तेव्हा नितेश जमिनीवर लोळून हसला. काकी मात्र हसल्या नाहीत. त्यांनी मला एक भाकरी जास्त वाढली. ते मला जास्त लागलं.

•

गणपती तोंडावर आले. मामाने बॅग भरून ठेवायला सांगितलं. मी भरली. आणि तेवढ्यात आणखी एका कंपनीतून बोलावणं आलं. स्टोअरमध्ये हेल्पर पाहिजे होता.

साहेब तरुण होते, पुण्याकडचे. माझा अर्ज वाचला, मला बसायला सांगितलं आणि विचारलं, "हं, स्वतःबद्दल सांग."

मी तोंड उघडलं. एवढ्यात टेबलावरचा त्यांचा मोबाइल वाजला. नंबर बघून साहेब ताडकन उभे राहिले.

"हॅलो... हो मॅडम... मला वाटलं उद्या आहे... नाही नाही, आत्ता चालेल ना!"

फोन कानाला लावला की आवाज तुटत होता. आमच्याकडे पावसात रेंजचं असंच. साहेबांनी तो स्पीकरवर टाकून खिडकीच्या कडेला उभा केला. मी उठून बाहेर जायला निघालो, तर त्यांनी घाईघाईने हात हलवून दार लावायची खूण केली. समोरच मोठ्या साहेबांची केबिन होती. मी दार लावलं. पण मी आतल्या बाजूला राहिलो! पुन्हा उघडलं तर आवाज होईल, म्हणून दाराला पाठ लावून तसाच उभा राहिलो.

फोनमधून बाईंचा आवाज आला, "बिझी नाही ना तुम्ही? निवांत बोलता येईल?"

"नाही मॅडम, एकटाच आहे."

मी दाराला आणखी चिकटलो.

"मग सुरू करू या इंटरव्ह्यू. स्वतःबद्दल सांगा."

साहेबांनी शर्टाची वरची गुंडी लावली. फोनवर! बोलायला लागले आणि दुसऱ्याच वाक्याला अडकले. "मी... म्हणजे मी..." कपाळावर घाम. मला वाटलं आरशात बघतोय.

इकडे दारावर टकटक. मी फटीएवढं दार उघडलं. मोठे साहेब!

"आत काय चाललंय?"

"इंटरव्ह्यू चालू हाय," मी हळूच म्हणालो. खोटं काही नव्हतं त्यात.

"एवढा वेळ?"

"अजून पयलाच प्रश्न हाय, साहेब."

मोठे साहेब मान हलवत गेले. आत बाई विचारत होत्या, "सध्याची नोकरी का सोडायचीय?"

साहेबांनी वळून बघितलं तर मी! ते विसरलेच होते मला. मग मी तोंड भिंतीकडे केलं. भिंतीवर आग विझवायचा लाल सिलिंडर होता, त्यावरच्या सूचना वाचत बसलो. साहेबांनी घसा साफ केला आणि मग मात्र सुटले. मी पाठमोरा झाल्यावर त्यांना चांगलंच बोलता आलं!

शेवटी बाई म्हणाल्या, "आवडलं तुमचं बोलणं. आम्ही मेल करतो." फोन बंद झाला.

साहेब खुर्चीत बसले. माझ्यासाठी ठेवलेलं पाणी पिऊन टाकलं.

"वळ," ते म्हणाले. "सगळं ऐकलंस?"

मी मान डोलावली.

"कसा झाला?"

"माझ्यापेक्षा बरा, साहेब."

ते हसले. मग हसू गेलं. "आता बाहेर जाऊन किती जणांना सांगशील?"

"साहेब, मला बोलता येत नाय," मी म्हणालो. "तेवढीच तर अडचण हाय."

साहेबांनी पेन उघडलं, माझा अर्ज पुढे ओढला आणि त्यावर सही केली.

"कामावर कधीपासून येशील?"

मी मान वर केली, आणि काय झालं कुणास ठाऊक, आवाज गेलाच नाही. म्हणालो, "तुमी जायच्या आधी, साहेब!"