दाऊदभाईंनी सांगितलेला शेवट

दाऊदभाई गेल्याचं त्यांच्या मुलीने गुहागरहून फोनवर कळवलं, तेव्हा मी सौदीत यान्बूच्या कामगार कॅम्पमध्ये जेवणाचं ताट धूत होतो. नळ तसाच वाहत राहिला... त्याला आता दीड महिना होईल.

ते क्रेन चालवत, मी पाइपफिटर. बारा वर्षं एका खोलीत काढली. पण माणूस खरा कळला तो कामावर माझ्या डोळ्यांत कॉस्टिक सोडा उडाला तेव्हा. सेफ्टीचा चष्मा कपाळावर चढवला होता, चूक माझीच. तीन आठवडे दोन्ही डोळ्यांवर पट्टी. दिसलं नाही तर इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, रद्द, सरळ घर. कुणी तसं बोलून दाखवत नव्हतं इतकंच.

दाऊदभाईंकडे एका जुन्या काउबॉय चित्रपटाची डीव्हीडी होती. चित्रपट चालू असताना त्यावर म्हाताऱ्या दिग्दर्शकाचा आवाज लावता येई. प्रसंग कसे घेतले ते तो इंग्रजीत सांगे. पट्टी होती तोवर दर शुक्रवारी, सुट्टीच्या दुपारी, दाऊदभाई ती लावत आणि थांबवून थांबवून मला समजावत. "डायरेक्टर म्हणतो, घोडा महाहट्टी. नटाला तीनदा पाडलान." अपघातानंतर मी पहिल्यांदा हसलो तो तेव्हा. शेवटी गुंडांना हुसकावून नायक त्याच गावात राहतो. "डायरेक्टर म्हणतो, एवढं केल्यावर माणसाला घर मिळायलाच हवं."

पट्टी निघाली. डावा डोळा जरा धूसर राहिला, पण नोकरी टिकली. महिन्याभराने चित्रपट स्वतः पाहिला, तर नायक एकटाच वाळवंटात निघून जातो. मागे वळूनही बघत नाही!

"दाऊदभाई, हा तर जातो!"

ते शर्टाला बटण लावत होते. "तेव्हा तू बॅग भरून उशाशी ठेवली होतीस, संपत. जाणारा माणूस कसा सांगू तुला?"

"आणि डायरेक्टर म्हणाला ते?"

"मोठा माणूस तो. रागावणार नाही."

दोन वर्षांपूर्वी ते कायमचे घरी गेले, तेव्हा डीव्हीडी माझ्याकडे ठेवून गेले. परवा वाटलं, ही त्यांच्या घरी असावी. मुलीला फोन करून विचारलं, पाठवू का?

"ती काउबॉयची?" तिने विचारलं. "आम्ही कधी पाहिली नाही, चाचा. पण अब्बांची रजा संपली की निघायच्या दिवशी ते आम्हाला तीच गोष्ट सांगायचे. तो शेवटी गावातच राहतो, तीच ना?"

"हो," मी म्हणालो. "तीच."