नाल्यातलं गुलाबी पाणी

मी फार हुशार आहे, हा माझा गैरसमज नेमका कुठे वाहून गेला ते मला जागेसकट ठाऊक आहे. आमच्या घरामागच्या नाल्यात. आता काय सांगू तुम्हाला! आधी चहा घ्या, मग हसा.

आमची रो-हाउसची कॉलनी नाशिकला द्वारकेच्या पुढे, नासर्डी नदीकडच्या उतारावर. मागून एक उघडा नाला जातो. तो फक्त पावसाच्या पाण्याचा. पाणी नाल्यातून नासर्डीला आणि तिथून गोदावरीला जावं, एवढंच त्याचं काम. पण यंदा भर उन्हाळ्यात, आभाळात ढगाचा तुकडा नसताना नाला वाहायला लागला. आणि वास? पाहुण्यांनी आमच्याकडे यायचं सोडलं. त्याचं मला तितकंसं वाईट वाटलं नाही, ही गोष्ट वेगळी.

म्हणजे कुणीतरी घरातलं सांडपाणी गुपचूप नाल्यात सोडलं होतं. कोण असेल? माझा संशय सोनवणे सरांवर. सर निवृत्त शिक्षक, आमच्या शेजारच्याच घरात, पण उताराच्या वरच्या अंगाला; म्हणजे पाणी तिकडूनच येणार. बावीस वर्षं आम्ही सकाळी बरोबर फिरायला जातो. जिवाभावाचा माणूस. पण मी पडलो कॉलनीचा सेक्रेटरी. कर्तव्य म्हणजे कर्तव्य, नाही का?

चोरपाईप शोधायला गेलो तर काठावर घाणेरीच्या झुडपांचं रान माजलेलं, पाईप दिसेना. मग एक नामी युक्ती सुचली. माळ्यावर रंगपंचमीचा गुलाबी रंग उरला होता. नाशिककराच्या घरात तो असतोच. सरांच्या संडासात रंग टाकायचा. नाला गुलाबी झाला, की चोर सापडला!

खिशात पुडी घालून सरांकडे चहाला गेलो.

"सर, जरा आत जाऊन येऊ का?"

"अहो आहेर, विचारता काय?"

आत जाऊन पुडी फोडली. अर्धा रंग भांड्यात, अर्धा माझ्या अंगावर. फ्लश तीनदा ओढला.

"आहेर, तब्येत बरी आहे ना?" बाहेरून सरांचा काळजीचा आवाज.

"उत्तम आहे, सर." हात पाठीमागे लपवून, चहा तसाच टाकून मी सटकलो.

घरी दारातच माझी बायको मंदा. "हा काय अवतार? सोफ्याला हात लावाल तर बघा. आधी अंघोळीला जा."

गेलो. दोन बादल्या पाणी आणि अर्धा साबण संपवला. मग तसाच ओल्या केसांनी नाल्यावर धावलो.

नाला गुलाबी! लग्नातल्या सरबतासारखा. मी व्हिडिओ काढला आणि महापालिकेकडे तक्रार ठोकून दिली, सरांच्या नावपत्त्यासह.

मग मात्र मन खाऊ लागलं. दुसऱ्या दिवशी गुडघा दुखतो म्हणून फिरायला गेलो नाही. संध्याकाळी सर गुडघ्याला लावायचं तेल घेऊन हजर. मला त्यांच्याकडे बघवेना. तरी तक्रार मागे घेतली नाही. सेक्रेटरी होतो ना.

तिसऱ्या दिवशी महापालिकेचा मुकादम चार माणसं घेऊन आला. सगळी कॉलनी गच्चीवर. मी व्हिडिओ दाखवला, पुडीची हकिकत छाती फुगवून सांगितली. सर माझ्याकडे बघतच राहिले.

"तरीच तीनदा फ्लश," एवढंच म्हणाले.

"सर, मैत्री वेगळी, नाला वेगळा." हे वाक्य मी सकाळपासून घोकत होतो.

मुकादमाने सरांकडे हिरवा रंग टाकला. अर्धा तास आम्ही नाल्याकाठी नाकाला रुमाल लावून उभे. हिरवं काही येईना. रस्त्यावरचं ड्रेनेजचं चेंबर उघडलं, तर तिथे हिरवंगार पाणी.

"साहेब, यांची लाईन बरोबर हाय. ड्रेनेजलाच जोडेल हाय."

"मग गुलाबी कुठून आलं?"

"तुमच्याकडं बी टाकून बघू का?"

"खुशाल टाका. पाडव्यालाच नवं संडास-बाथरूम केलंय, स्वतः उभं राहून."

मुकादम आत गेला आणि तो बाहेर यायच्या आत नाला हिरवा झाला.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सरांकडचा रंग मुकाट ड्रेनेजमध्ये गेला होता. नाल्यात आली होती ती माझी अंघोळ!

त्यात मंदा गच्चीवरून सगळ्या कॉलनीला सांगते, "प्लंबर म्हणत होता, ड्रेनेजला जोडायचं तर कढीपत्ता खणावा लागेल. हेच म्हणाले, झाडाला हात लावू नको, गच्चीच्या पाण्याचा पाईप आहे ना मागे, त्यालाच जोड."

मुकादमाने तिथल्या तिथे माझा पाईप कापला आणि तोंड सिमेंटने बुजवलं. नवी लाईन पडायला आठवडा लागणार होता. तोवर घरात पाणी सांडायची सोय नाही. वर मोबाईलवर मेसेज : 'आपल्या तक्रारीवर कारवाई झाली आहे. आपण समाधानी आहात का?'

दुसऱ्या दिवशी सकाळी खांद्यावर टॉवेल, हातात साबणाची डबी, असा मी सरांच्या दारात उभा. माफी मागायची होती. बावीस वर्षांचा सोबती मी माझ्या हाताने घालवला, असंच वाटत होतं. सरांनी टॉवेलकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि दार पूर्ण उघडलं.

"या आहेर, पाणी तापलंय," सर म्हणाले. "फक्त आधी खिसे दाखवा."