वजन न वाढणारं बाळ

आनंदीमावशी देवालासुद्धा रागवायच्या, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढं त्या सरकारला काय बोलल्या, ते ऐकून कुणी दचकायला नको.

इंदूरला कृष्णपुऱ्यात होळकरांच्या समाध्या आहेत, त्या छत्र्यांच्या मागच्या गल्लीत आमचं बाळकृष्णाचं देऊळ. मूर्ती वीतभर, पितळेची, रांगती. पुजारी लक्ष्मणशास्त्री, पण ते आपले नावाला. खरा हक्क मावशींचा. शास्त्रीबुवांनी टोपरं वाकडं घातलं की या सभामंडपातून ओरडायच्या, "अहो, कानात वारं जाईल ना त्याच्या!" त्यांचा नवरा होळकरांच्या रिसाल्यात होता. लग्नानंतर पाच-सहा वर्षांत तो गेला. एक मुलगा झाला होता, तो त्याच्याही आधी देवीच्या साथीत गेला. दहा महिन्यांचा होता. हे मला आईनं सांगितलं, मावशींनी कधीच नाही. त्या स्वतःबद्दल एकच गोष्ट सांगत, की मला खोटं बोलता येत नाही. ते मात्र खरं होतं, आणि पुढचा सगळा घोळ त्याच्यामुळेच झाला.

देवळात बायकांचं भजनी मंडळ होतं. अध्यक्ष मावशी, आणि सेक्रेटरी मी, प्रमोदिनी. वय वर्षं एकोणीस. मंडळात मॅट्रिक झालेली मी एकटी, आणि टाळ धरला की मी हमखास ताल सोडणार, तेव्हा 'हिच्या हातात कागद द्या' असं एकमतानं ठरलं. मला राग आला होता. अजूनही येतो.

तेव्हा मध्यभारत सरकार नवंनवं होतं. उत्साह दांडगा, माणसं कमी. मिलमजुरांच्या पोरांना दूध द्यायचं म्हणून परदेशातून दुधाच्या पावडरीचे मोठमोठे डबे आले, पण वाटायचं कुणी? मग कुणीतरी डोकं चालवलं, की ज्यांच्याकडे अंगण आहे आणि ज्यांच्यावर लोकांचा भरवसा आहे, त्यांना हाताशी धरा. एका मशिदीच्या कमिटीला डबे मिळाले, मिशनच्या बायकांना मिळाले, आणि कृष्णपुऱ्यात आमच्या भजनी मंडळाला.

डब्यांबरोबर सायकलवरून इन्स्पेक्टर आले, दिनानाथ फणसे. आपल्यातलेच, पण नाकासमोर चालणारे. पायजम्याला क्लिप, खिशात दोन पेनं. त्यांनी उभ्या उभ्या नियम वाचले. दूध फक्त पाच वर्षांखालच्या मुलांना, प्रत्येकी एक वाटी. मुलानं ते तिथंच प्यायचं, घरी न्यायचं नाही. दर सोमवारी प्रत्येकाचं वजन करून रजिस्टरात लिहायचं आणि महिन्याला नक्कल खात्याकडे पाठवायची. काटाही खात्याचाच.

पहिला अडथळा शास्त्रीबुवांचा. "कुठल्या मुलखातलं दूध, कुणाच्या हातचं! देवळात नाही चालायचं."

मावशींनी डब्यात बोट घालून पाहिलं. "कोरडं आहे ना? मग कोरड्याला कसलं आलंय ओवळं? साखर काय तुम्ही घरी पाडता?"

शास्त्रीबुवांना साखर प्राणप्रिय. त्यांनीच डबे आत घ्यायला लावले.

दुसरा अडथळा खुद्द मावशींचाच. देवाला दाखवल्याशिवाय त्या देवळात खडीसाखरेचा दाणासुद्धा कधी वाटला गेला नव्हता. तेव्हा पहिल्या सकाळी दुधाचं भलंमोठं पातेलं उचलून गाभाऱ्यासमोर ठेवलं, वर तुळशीचं पान पडलं, पाणी फिरवलं, घंटा झाली. झालं! दुधाचा प्रसाद झाला. आणि प्रसादाला आलेल्या माणसाला परत पाठवायचं नाही, हा नियम सरकारच्या आधीपासूनचा.

मग काय विचारता! मुलांच्या मागून त्यांच्या आया आल्या. पाळी संपवून घरी निघालेले मिलवाले आले, टांगेवाले आले, नदीकाठचे दोन बैरागी आले. गस्तीवरचा शिपाईही रोज टोपी काढून हात पुढं करायचा. "माताराम, थोडा इधर भी." रघुवीर म्हणून एक मिलमजूर होता. त्याची शालिनी तीन वर्षांची झाली तरी भिंत धरल्याशिवाय उभी राहत नव्हती. तिच्या वाट्याला दोन घोट यायचे, आणि मावशी पातेलं खरवडत बसायच्या.

मी म्हटलं, "मावशी, मोठ्यांना नाही म्हणा की."

"प्रसादाला नाही म्हणू? तू म्हण."

मी म्हणून पाहिलं. बैराग्यानं माझ्याकडे असं काही बघितलं, की मीच त्याला दोन वाट्या दिल्या. तेव्हापासून कानाला खडा.

तिसऱ्या आठवड्यात फणसेसाहेब न सांगता आले. रांगेत पहिलाच उभा गल्लीतला हलवाई, पोट केवढं!

"यांचं वय काय?" साहेबांनी विचारलं.

"प्रसादाला वय विचारत नाहीत, साहेब," मावशी म्हणाल्या.

"अहो बाई, हे सरकारी दूध आहे!"

"नैवेद्य दाखवल्यावर कसलं सरकारी?"

साहेबांचे कान लाल झाले. "एक महिना देतो. मोठ्यांच्या तोंडात एक थेंब जरी गेलेला दिसला, तर केंद्र बंद. डबे, काटा, सगळं परत!"

दोन दिवस मावशी सभामंडपात बसून होत्या. पासष्ट पोरांचं दूध एकीकडे आणि जन्माचा नेम दुसरीकडे. भजनसुद्धा झालं नाही, आणि त्यांच्या तोंडून शास्त्रीबुवांना एक शब्द गेला नाही. शास्त्रीबुवाच बिचारे घाबरले. तिसऱ्या दिवशी मावशींनी मला हाक मारली.

"पमे, दूध कुणाला म्हणालं सरकार?"

"पाच वर्षांखालच्या मुलांना."

"मग हा कोण आहे?" त्यांनी गाभाऱ्याकडे बोट केलं. "रांगतोय अजून. त्याला सगळं पातेलं दाखवायचं कशाला? तोही रांगेत बसेल, इतरांसारखी एक वाटी घेईल. नैवेद्य त्या वाटीचा, प्रसादही तेवढाच. मोठ्यांना त्यातलं पळी पळी. पातेल्यातलं दूध मग नुसतं दूध, पोरांचं. आहे काय त्यात!"

शास्त्रीबुवांनी दोन पोथ्या उलटल्या. विरुद्ध काही सापडलं नाही. मी मात्र मॅट्रिकचं डोकं चालवलं. म्हटलं, "वाटी द्यायची तर रजिस्टरात नाव लागतं."

"मग लिही ना. चोरून देतेस की काय?"

मी लिहिलं. नाव बाळकृष्ण. "वय?"

"दहा महिने."

क्षणाचाही विचार न करता म्हणाल्या. मी वर पाहिलं, तर त्या काट्याचं पारडं पदरानं पुसत होत्या. मूर्ती पारड्यात ठेवली. वजन सव्वा शेर.

"पालकाचं नाव? नंद लिहू?"

"नंद कुठाय इथं? येतो का कधी याला न्हाऊ घालायला?" मग म्हणाल्या, "आनंदीबाई लिही."

ती ओळ त्यांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतली आणि समोर अंगठा उठवला. मी नाही म्हणायला हवं होतं, हे मला कळत होतं. पण नाही म्हणवलं नाही, आणि त्याचा मला मुळीच पस्तावा नाही.

महिन्यानंतर फणसेसाहेबांनी लांबूनच पाहिलं, तर वाट्या फक्त पोरांच्या हातात. मोठी माणसं तळहातावर पळीभर तीर्थ घेऊन डोळ्यांना लावताहेत. तीर्थाबद्दल खात्याचा नियम नव्हता. साहेब खूश होऊन गेले. रजिस्टर उघडलं नाही. मग थंडी आली आणि सरकारनं नेहमीप्रमाणे बाडबिस्तरा बांधला. ते हिवाळ्यात ग्वाल्हेरला असायचं, उन्हाळ्यात इंदूरला. फणसेसाहेबही खात्याबरोबर गेले. नकला टपालानं जाऊ लागल्या.

इकडे पोरं बाळसं धरू लागली. शालिनी भिंत सोडून खांब धरायला लागली, मग माझी साडी. दर सोमवारी वजनं व्हायची, बाळकृष्णाचंही व्हायचं. मी म्हटलं, "मावशी, याचं कशाला दर वेळी? तेच तर येतं."

"न करता लिहायचं? मला खोटं जमत नाही."

तेव्हा सव्वा शेर, सव्वा शेर, सव्वा शेर. फक्त दिवाळीत देवाच्या अंगावर चांदीचा मुकुट आणि दागिने होते. काट्यानं दीड शेर दाखवलं, मी दीड लिहिलं. पुढच्या सोमवारी पुन्हा सव्वा.

एप्रिलमध्ये सरकार परत आलं, आणि त्याच्यामागोमाग पत्र. पत्र हिंदीत होतं, मतलब सांगते. आपल्या केंद्रातील बालक बाळकृष्ण याचे वजन सात महिन्यांत वाढलेले नाही, दिवाळीनंतर तर पावशेराने घटले आहे. त्याचे वयही वाढलेले दिसत नाही. बालक अत्यवस्थ असावे. येत्या सोमवारी डॉक्टरांसह तपासणी होईल, पालकाने बालकासह समक्ष हजर राहावे. हयगय आढळल्यास केंद्र तत्काळ बंद करण्यात येईल.

मी कपाळावर हात मारला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! शहरात खरी मरतुकडी पोरं काय कमी होती? पण हसायची सोय नव्हती. सरकारला फसवलं म्हणून केंद्र जाणार, हे उघड दिसत होतं. शालिनीची आई इंदिरा रडतच आली. "मावशी, आत्ता कुठं पोर पाय टाकायला लागलीय. आता दूध बंद झालं तर?"

 सोमवारी सकाळी मावशींनी शास्त्रीबुवांकडून मूर्ती मागून घेतली. नवं अंगडं, नवं टोपरं, गालाला काजळाची तीट, आणि अंगणात बाकीच्या आयांच्या ओळीत मांडीवर घेऊन बसल्या.

डॉक्टरीणबाई टांग्यातून उतरल्या त्या धावतच, मागून सायकलवर फणसेसाहेब. बाईंच्या कानात नळी आधीच अडकवलेली. "बच्चा किधर है?"

मावशींनी पदर बाजूला केला.

डॉक्टरीणबाईंनी पाहिलं, वाकून पुन्हा पाहिलं, आणि पायरीवर बसून अशा हसल्या की नळी गळून पडली. फणसेसाहेब मात्र हसले नाहीत. "ही सरकारची थट्टा आहे! आनंदीबाई, खोटं नाव लावून दूध उचललंत तुम्ही?"

मावशी ताडकन म्हणाल्या, "खोटं काय आहे त्यात? नाव खोटं? वजन खोटं? करा तुम्ही वजन!"

"आणि हे?" साहेबांनी रजिस्टरावर बोट आपटलं. "पालक, आनंदीबाई. तुमचाच अंगठा ना? हे काय आहे?"

मावशींनी मूर्तीवर पदर ओढून घेतला.   मग त्या हळूच म्हणाल्या, "तेवढं खोटं आहे, साहेब. माझं दहा महिन्यांचं होतं, ते गेलं. याला मी आपलं म्हटलं. ती ओळ खोडा. पण तुमच्या हातानं खोडा, पमीला व्हायचं नाही. आणि माझ्यापायी पोरांचं दूध बंद करू नका."

 शालिनीला मात्र सरकारशी काही घेणंदेणं नव्हतं. ती खांब सोडून थेट अंगणातून चालत आली, साहेबांच्या पायजम्याला धरून उभी राहिली आणि रिकामी वाटी वर करून म्हणाली, "दूध?"

डॉक्टरीणबाई डोळे पुसत उठल्या. त्यांनी शालिनीला काट्यात बसवलं, रजिस्टरातली मागची पानं पाहिली. "ढाई सेर बढ़ी है, फणसेजी. जरा लिख लीजिए."

साहेबांनी पेन काढलं. पालकाच्या रकान्यावर ते कितीतरी वेळ तसंच धरून उभे राहिले. मग भराभर चार ओळी लिहिल्या, शिक्का मारला, रजिस्टर माझ्या हातात कोंबलं आणि मावशींपुढं तळहात केला. मावशींनी पळीभर दूध घातलं. हात तसाच पुढं राहिलेला पाहून म्हणाल्या, "मोठ्यांना पळीच. नियम आहे." साहेब सायकलवर बसून गेले.

"काय लिहिलंय गं? खोडलं?" मावशींनी विचारलं.

खात्यात सगळं हिंदीत चालायचं, पण हे त्यांनी मराठीत लिहिलं होतं. मी वाचलं, "मूल पाहिले. प्रकृती स्थिर. वजन वाढण्याची शक्यता नाही. एक वाटी दूध चालू ठेवावे. आई समक्ष हजर होती."

"शेवटचं पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं. 

"शिक्का आहे?"

"आहे, मावशी. गोल, निळा."

त्यांनी मान हलवली, मांडीवरच्या मूर्तीचं टोपरं सारखं केलं आणि त्याला दरडावून म्हणाल्या, "ऐकलंस का रे? सरकार येऊन गेलं तुझ्यापायी. उद्यापासून वाटी संपवायची, सांगून ठेवते!"