हलक्या पायाचा देवाप्पा

मिलिटरीतनं सुटून आल्यापासून हिंडलग्याच्या देवाप्पानं एकच टेंभा मिरवला: तिथल्या अठरा वर्षांच्या ड्रायव्हरकीत आपण एकही क्लच जाळला नाही. आणि खरं सांगायचं तर ती फुशारकी त्याला शोभायची. पेडलवर त्याचा डावा पाय कधी आला नि कधी गेला, शेजारी बसलेल्यालाही कळायचं नाही. काकतीच्या मारुतीरावांनी लिलावात घेतलेली मिलिटरीची जुनी जीप म्हणूनच दुसऱ्या कुणाच्या हाती दिली नव्हती. रानात कामाला जाणाऱ्या बायका त्याला हलक्या पायाचा देवाप्पा म्हणत, आणि हा ऐकून न ऐकल्यासारखं करी. लबाड कुठला!

मारुतीरावांचं रताळ्याचं रान डोंगराच्या अंगाला. वाट सगळी दगडगोट्यांची, एका बाजूला खोल ओढा. रोज सकाळी दहा-बारा बायकांना घेऊन जीप ती चढण चढायची. एक्याऐंशी सालच्या सुगीत मात्र ती मधेच अडली. इंजिन बोंबलतंय, गाडी हलत नाही, उलट हातभर मागं सरकली. बायकांची म्होरकी सुलाबाई, तिनं उडी टाकून चाकाला धोंडा लावला म्हणून निभावलं.

दुसऱ्या दिवशी जीप ओढून बेळगावात यल्लाप्पा मिस्त्रीकडं नेली. देवाप्पा म्हणेल तो क्लच घाला, असा मारुतीरावांचा निरोप होता. यल्लाप्पानं जुनी प्लेट बाहेर काढली, ती जळून काळी ठिक्कर पडलेली. त्यानं प्लेटीकडं बघितलं, मग देवाप्पाच्या डाव्या गुडघ्याकडं.

दोन वर्षांमागं अंगावर पोतं पडून तो गुडघा कामातनं गेला होता. देवाप्पाची बायको नागुबाई एरंडाची पानं गरम करून बांधायची, तीही दाराला कडी घालून. दर वेळी पाय उचलून पुन्हा दाबायचा म्हणजे कळ मस्तकात जायची. म्हणून त्यानं पाय पेडलवरच टेकवून ठेवायला सुरुवात केली. क्लच अर्धवट दाबलेला राही आणि आतली प्लेट घासून घासून जळत जाई. मिलिटरीत दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर ह्यानंच त्याची खरडपट्टी काढली असती.

यल्लाप्पानं फळीवर दोन क्लच मांडले. एक कोल्हापूरहून आलेला, कोरा, कडक स्प्रिंगांचा. दुसरा निपाणीच्या एका मोडीत काढलेल्या जीपचा, स्प्रिंगा सैलावलेला.

"आण्णा, ह्यो निपाणीचा घ्या," तो हळूच म्हणाला. "लोण्यावानी दबतोय. तुमची दोन वर्सं निगतील."

"आन चढणीला, बायका भरल्यावर?"

"चढणीला घसरंल त्यो," यल्लाप्पा पान्याचं ग्रीस पुसत म्हणाला.

आवारात एक जीप उभी होती, तिला कोल्हापूरचा असलाच क्लच होता. देवाप्पा तिच्यात चढला आणि पेडल दाबलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा पाय अर्ध्यातच थरथरला. पेडल काय सोडता येतं, पण ड्रायव्हरकी सोडायची म्हणजे घरी बसून करायचं काय? भीती वाटली त्याला, चांगलीच वाटली. मग खाली उतरला आणि कोल्हापूरचा घाल म्हणाला.

काकतीपर्यंत सपाट रस्ता, तरी गुडघ्याच्या कळेनं त्याला तीनदा थांबावं लागलं. मारुतीराव घराच्या पुढच्या सोप्यात बसले होते. लिलावाच्या गाडीचं सामानच बोगस, तुझा काय दोष, असं तेच आपणहून म्हणाले. सुटायला एवढी वाट पुरे होती. देवाप्पानं पिशवीतनं जळकी प्लेट काढून त्यांच्यापुढं ठेवली.

"मालक, ही म्या जाळली. दोन वर्सं पाय उचलत न्हाय माझा. काल त्या बायका मेल्या असत्या. दुसरा ड्रायव्हर बघा."

मारुतीराव प्लेट उलटीसुलटी करत राहिले. शेवटी विचारलं, "चढण ठावी असलेला कोण हाय रं दुसरा?"

"कुणी बी आणा. आठ दिस शेजारी बसून मी दावतो त्याला."

"आन नवव्या दिवशी?"

देवाप्पानं रिकाम्या पिशवीची घडी घातली. तो उठला. सोप्याच्या तीन पायऱ्या होत्या. पहिल्या पायरीशीच तो थांबला आणि मागं न बघता म्हणाला, "मालक, जरा हात द्या."