मध्यंतराचा अंदाज

चौथा मैल संपला तेव्हा हॉलिसभाऊ रस्त्याकडेच्या एका टपालपेटीला टेकून उभे राहिले आणि म्हणाले की आपण दमलेलो नाही, पेटीवरचं नाव वाचतोय. व्हर्लीन पॅगेटने नुसती मान हलवली. त्या पेटीवरचं नाव तीस वर्षांत बदललेलं नव्हतं, आणि त्या घरची चारही पोरं हॉलिसभाऊंनीच शाळेच्या बसमधून नेली-आणली होती. पण म्हाताऱ्या माणसाला श्वास घ्यायला काहीतरी निमित्त लागतं. ते काढून घेऊ नये.

अजून तीन मैल बाकी होते. नोव्हेंबरचा वारा पेकानच्या, म्हणजे अक्रोडासारख्या फळांच्या, बागेतून आडवा येत होता. उद्या थँक्सगिव्हिंग, देवाचे आभार मानायचा सण, व्हर्लीनच्या घरी जेवणासाठी अख्खा टर्की पक्षी मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवलेला, दोन गोड पाई भाजायच्या होत्या. आणि ती मात्र इथे, शहात्तर वर्षांच्या शेजाऱ्याबरोबर डांबरी रस्त्याची कड धरून चाललेली. जूनमध्ये त्यांच्या खुब्याचं हाड बदललं होतं. डॉक्टरांनी तीन मैलांच्या पलीकडे चालायचं नाही असं बजावलं होतं. हॉलिसभाऊंनी ते ऐकून घेतलं होतं आणि आज सकाळी काठी घेऊन निघाले होते. अडवणं कुणाच्या हातात नव्हतं, म्हणून व्हर्लीन पहाटेच आपली गाडी लॅमरच्या बियाण्यांच्या दुकानापाशी ठेवून आली, पुतणीने तिला परत आणून सोडलं, आणि ती त्यांच्यासोबत चालायला लागली. परत येताना गाडीत बसणं त्यांना चालतं. जाताना नाही.

याला कारण होतं. छत्तीस वर्षांपूर्वी याच बुधवारी हॉलिसभाऊंची गाडी बंद पडली. शनिवारी जांभळे आणि हिरवे यांचा अमेरिकन फुटबॉलचा सामना होता, म्हणजे आपलं कॉलेज आणि नदीपलीकडचं कॉलेज. ते सात मैल चालत दुकानात गेले आणि लॅमरच्या बापाला म्हणाले, "सतरा-चौदा, आपण." शनिवारी तसंच झालं. सतरा-चौदा. तेव्हापासून दर वर्षी त्या बुधवारी हॉलिसभाऊ चालत जातात, आकडा सांगतात, आणि तो दुकानातल्या फळ्यावर सगळ्यांत वर लिहिला जातो. नंतरच्या पस्तीस वर्षांत त्यांचा आकडा एकदाही बरोबर आलेला नाही. पण गावाचा विश्वास तसूभर हलला नाही. व्हर्लीनला कधी कधी वाटे, देवावर लोक इतका भरवसा टाकतील तर चर्चमधले बाक रिकामे राहणार नाहीत.

ती स्वतः खेळासाठी प्रार्थना करत नसे. दोन्हीकडे लेकरंच खेळतात, देवाने कुणाची बाजू घ्यावी? पण आजच्या सात मैलांसाठी तिने सकाळी गुडघे टेकले होते.

बावीस वर्षं ती शाळेच्या स्वयंपाकघरात होती, आणि हॉलिसभाऊ एकतीस वर्षं बस चालवत होते, तेव्हा तिला त्यांची कुठली गोष्ट नवीन नव्हती. बसमध्ये आसनाखाली ते हातमोज्यांची पिशवी ठेवत. कुणाचं पोर उघड्या हातांनी चढलं की न बोलता एक जोड पुढे करत. रंग मात्र सगळ्यांचा जांभळा. हिरव्यांच्या घरचं पोर असलं तरी जांभळेच. "थंडी वाजते की बापाचा मान राखायचाय, तूच ठरव," म्हणत. पोरं हातमोजे घालत, आणि घरी पोचायच्या आधी खिशात लपवत.

पाचव्या मैलावर बाप्टिस्ट चर्चची बुटकी भिंत आहे. तिथे ते बसले, थर्मासमधली कॉफी प्यायले, आणि कोटाच्या आतल्या खिशातून एक लिफाफा काढून व्हर्लीनच्या मांडीवर ठेवला.

आत शनिवारच्या सामन्याची दोन तिकिटं होती. हिरव्यांच्या मैदानावरची, हिरव्यांच्या बाजूची, मध्यंतरात मैदानात उतरून वाजवणाऱ्या त्यांच्या बँडच्या अगदी मागची. चिठ्ठी नाही. पाठवणाऱ्याचं नाव फक्त लिफाफ्यावर: डेलेनी.

डेलेनी म्हणजे त्यांची नात. आई-बाप दोघंही कामावर, म्हणून ती आजी-आजोबांपाशीच वाढली. सहावीत असताना शाळेच्या बँडमध्ये तिच्या वाट्याला ट्यूबा आला, तो भलामोठा पितळी भोंगा. घरात कुणाला तो आवाज सोसेना. मग हॉलिसभाऊ तिला मागच्या शेडमध्ये घेऊन बसत. ती वाजवायची, आणि ते शेजारी पेकान फोडत बसायचे. नेल, त्यांची बायको, म्हणायची की शेडमध्ये कुणीतरी गाय बांधलीय आणि तिला खायला घालत नाहीये. नेल गेली त्या संध्याकाळीही दोघं शेडमध्येच बसली होती. पोरीने वाजवलं नाही, त्यांनी पेकान फोडले नाहीत.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये डेलेनीचा फोन आला. "आबा, मला कॉलेजच्या बँडमध्ये घेतलं. फी माफ, राहणं माफ. पण हिरव्यांच्या."

आणि हॉलिसभाऊ म्हणाले, "चौतीस-दहा."

त्या गावात हिरवा माणूस समोर आला की त्याच्या हरण्याचा असाच आकडा म्हणतात. पेट्रोल भरताना म्हणतात, दवाखान्यात म्हणतात, एकदा तर अंत्यविधीच्या रांगेत कुणीतरी म्हटलं होतं आणि विधवेनेच हसून उलटा आकडा सांगितला होता. रामराम म्हणावं तसं ते तोंडातून निघतं. पण पलीकडे अठरा वर्षांची पोर होती, जन्मातली सगळ्यात मोठी बातमी पहिल्यांदा आजोबांना सांगणारी. तिने फोन ठेवला. नाताळला आली नाही, इस्टरला आली नाही, ऑपरेशनच्या वेळी आईच्या हातून फुलं पाठवली.

एवढं सांगून हॉलिसभाऊ काठीच्या टोकाने गवत उकरत बसले. महिनाभर लिफाफा खिशात घेऊन फिरत होते. तिला हो कळवलं नव्हतं, नाही कळवलं नव्हतं. हिरव्यांमध्ये बसलो तर गाव काय म्हणेल, याची त्यांना फिकीर नव्हती. गाव चार दिवस बोलेल आणि विसरेल. भीती दुसरीच होती.

"तिने वळून पाहिलं," ते म्हणाले, "आणि मला बघून तोंड फिरवलं, तर?"

व्हर्लीनने तिकिटं उलटसुलट करून पाहिली. शाळेच्या स्वयंपाकघरात बावीस वर्षं घालवली की रुसलेलं पोर आणि उपाशी पोर यांतला फरक कळतो.

"हॉलिसभाऊ, तोंड फिरवायचं असतं तर तिने दोन तिकिटं पाठवली असती का? हाडाचं ऑपरेशन झालेला म्हातारा एकटा येऊ शकणार नाही, एवढा विचार केलाय पोरीने. आणि मी तर म्हणते, तिने तुम्हाला मुद्दाम आपल्या पाठीमागे बसवलंय. वाजवताना तुम्ही दिसू नयेत म्हणून."

"का म्हणून?"

"रडत रडत भोंगा फुंकता येतो का?"

हॉलिसभाऊंनी काठी उचलली. लिफाफा खिशात गेला. उरलेले दोन मैल त्यांनी फक्त एकदा थांबून काढले, आणि तेव्हा कुठलंच निमित्त सांगितलं नाही.

लॅमरच्या दुकानात दहा-बारा माणसं जमली होती, सगळ्यांच्या डोक्याला जांभळ्या टोप्या. उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगांचं पातेलं वाफाळत होतं. लॅमरने खडू घेतला. कुणीतरी म्हणालं की हॉलिसभाऊंच्या नव्या हाडामुळे यंदा आकडा वाढणार. दुसरा म्हणाला, हाड डॉक्टरांनी हिरव्यांच्या गावाहून मागवलंय म्हणे, जपून राहा. हॉलिसभाऊ हसले नाहीत. फळ्यासमोर उभे राहून त्यांनी टोपी काढली. हे ते दर वर्षी करत.

"चोवीस-एकवीस. आपण."

टाळ्या पडल्या. लॅमरने मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि खडू ठेवायला गेला.

"थांब. मध्यंतर राहिलं."

"मध्यंतराचं काय?"

"मध्यंतर हिरव्यांचं. बँड त्यांचा भारी. लिही."

दुकानात शेंगा सोलणारे हात थांबले. छत्तीस वर्षांत त्या फळ्यावर हिरव्यांबद्दल एक बरा शब्द लिहिला गेला नव्हता. लॅमर तसा भला माणूस, तो हळूच म्हणाला की भाऊ, सात मैल वाऱ्यात चाललात, आधी बसून घ्या, गरम काहीतरी घ्या.

"माझी नात तिथे ट्यूबा वाजवते," हॉलिसभाऊ म्हणाले. "मी तिला सहावीपासून ऐकलंय. माझ्या बाकीच्या आकड्यांचा काही नेम नाही, पण हे मला नक्की माहीत आहे. लिही."

लॅमरने लिहिलं. कोपऱ्यात, बारीक. हॉलिसभाऊ चष्मा पुसून पुढे झाले, वाचलं, आणि म्हणाले की एवढं बारीक बियाण्याच्या पुडीवरचं औषधाचं नावही नसतं. लॅमरने पुसून पुन्हा लिहिलं, आकड्याएवढं मोठं. पातेल्यापाशी बसलेल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "पोर कुठल्या रांगेत उभी राहते, हॉलिस?"

"ते शनिवारी बघून सांगतो," ते म्हणाले.

व्हर्लीनने त्यांना गाडीत बसवलं, काठी मागे ठेवली, हीटर लावला. टर्कीचं पाणी बदलायचं तिच्या डोक्यात होतं, आणि त्याखाली, अगदी शांतपणे, आभारही चालले होते. शनिवारी सकाळी सातला निघावं लागेल, ती म्हणाली, नदीच्या पुलावर गर्दी असते. त्यांनी मान डोलावली. पट्टा लावायचा राहिला होता. त्यांची बोटं नुसतीच त्यावर फिरत होती.

"व्हर्लीनबाई, एक काम सांगू का?"

"सांगा ना."

"खेळ संपला की हिरवे सगळे उभे राहून त्यांच्या कॉलेजचं गाणं म्हणतात. बँड वाजवतो. मी आयुष्यात त्या गाण्याला उभा राहिलेलो नाही, टीव्हीवर लागलं तरी खुर्ची सोडत नाही. शनिवारी ती वाजवायला लागेल, आणि मी सवयीने बसून राहीन. तेव्हा माझ्या कोटाला धरून मला वर ओढा. मी म्हणेन, खुबा दुखतोय. ऐकू नका माझं."